कार्पल टनेल सिंड्रोम

कार्पल टनेल सिंड्रोम हा मनगटातील एका अरुंद मार्गात मध्य तंत्रिकेवर दाब पडल्यामुळे उद्भवणारा विकार आहे. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडील बाजू यांना मुंग्या येणे, तेथे बधिरपणा जाणवणे, रात्री वेदनेने जाग येणे आणि कालांतराने चिमटीची पकड कमकुवत होणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. हातातील तंत्रिका दबल्यामुळे होणाऱ्या विकारांत हा सर्वाधिक आढळणारा विकार आहे. दर १०० प्रौढांपैकी साधारणपणे ३ ते ४ जणांना तो असल्याचे आढळते. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच अधिक असते.

हा विकार जिवावर बेतणारा नाही. मात्र दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्नायू झिजतात व ती हानी पुढे पूर्णपणे भरून येईलच असे नाही. याउलट, लक्षणे अधूनमधून जाणवत असतानाच उपाय सुरू केले तर पुष्कळ रुग्णांना शस्त्रक्रियेवाचून आराम पडतो. त्यामुळे या विकारात वेळेवर ओळख होण्यास विशेष महत्त्व आहे.

नाव

‘कार्पल’ हा शब्द मनगट या अर्थाच्या ‘कार्पोस’ या ग्रीक शब्दापासून आला आहे. ‘टनेल’ म्हणजे बोगदा आणि ‘सिंड्रोम’ म्हणजे एकत्र आढळणाऱ्या लक्षणांचा समूह. मराठी व्यवहारात या विकाराला स्वतंत्र असे रूढ नाव नाही. ‘हाताला मुंग्या येतात’, ‘हात बधिर होतो’, ‘हात झोपतो’ अशा शब्दांत त्याचे वर्णन केले जाते आणि अनेकदा ‘वात’, ‘अशक्तपणा’ किंवा ‘मानेच्या मणक्यातील गॅप’ अशा सर्वसाधारण कारणांखाली तो गणला जातो. निदानाला उशीर होण्याचे हे एक कारण आहे.

मनगटाची रचना

मनगट आठ लहान हाडांचे बनलेले असते. ही हाडे दोन ओळींत अशी रचलेली असतात की तळहाताच्या बाजूस त्यांची पन्हळीसारखी खोलगट आकृती तयार होते. या पन्हळीच्या दोन्ही काठांवर एक जाड, चिवट आडवा बंध ताणून बसवलेला असतो. खाली हाडे आणि वर बंध अशा या बंदिस्त मार्गालाच कार्पल टनेल म्हणतात. त्याची रुंदी साधारणपणे अंगठ्याच्या जाडीएवढी असते.

या मार्गातून बोटे व अंगठा मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि मध्य तंत्रिका अशा एकूण दहा दोऱ्या तळहातात उतरतात. हाडे हलत नाहीत आणि बंध फारसा ताणला जात नाही. त्यामुळे कंडरांभोवतीच्या आवरणाला थोडी सूज आली किंवा आत द्रव साचला तरी जागा अपुरी पडते. या दहांपैकी सर्वांत मऊ आणि दाबाला सर्वाधिक संवेदनशील असते ती तंत्रिका. दाब वाढला की तिला रक्तपुरवठा करणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या प्रथम आवळल्या जातात आणि मुंग्या येऊ लागतात. दाब वर्षानुवर्षे राहिला तर तंत्रिकेवरील आवरण आणि नंतर तिचे तंतू यांची हानी होते.

मनगटाची स्थिती या दाबावर थेट परिणाम करते. निरोगी व्यक्तीचे मनगट सरळ असताना बोगद्यातील दाब अत्यल्प, सामान्यतः १० मिलिमीटर पाऱ्याहूनही कमी असतो. मनगट पूर्णपणे पुढे वाकवले किंवा मागे मुडपले की तो ३० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास जातो. ज्यांना हा विकार आहे त्यांच्यात मनगट सरळ असतानाही दाब साधारण तितकाच असतो आणि मनगट वाकताच तो अनेक पटींनी वाढतो. घरगुती काळजीचे बहुतेक उपाय या एकाच वस्तुस्थितीवर आधारलेले आहेत.

इतिहास

मनगटाच्या हाडाच्या अस्थिभंगानंतर मध्य तंत्रिका दबल्याचे वर्णन इंग्लिश शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केले. १८८० मध्ये बॉस्टन येथील जेम्स पटनम यांनी रात्री हात बधिर होणाऱ्या रुग्णांच्या एका गटाची नोंद केली. मात्र त्यांनी त्याचे कारण मनगटात शोधले नव्हते. १९१३ मध्ये पिएर मारी आणि शार्ल फ्वा या फ्रेंच वैद्यकांनी अंगठ्याचे स्नायू झिजलेल्या एका वृद्धाच्या शवविच्छेदनात आडव्या बंधाखाली तंत्रिका दबल्याचे पाहिले आणि वेळीच तो बंध छेदल्यास अशी झीज टाळता येईल, असे सुचवले. १९४७ मध्ये रसेल ब्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, तर १९५० नंतर अमेरिकी शल्यविशारद जॉर्ज फॅलन यांनी केलेल्या लेखनामुळे हा विकार सर्वत्र ओळखला जाऊ लागला. निदानासाठी वापरली जाणारी एक सोपी चाचणी आजही फॅलन यांच्या नावाने प्रसिद्ध आहे.

लक्षणे

विकाराची सुरुवात बहुधा रात्री होते. झोपेत मनगट नकळत वाकलेले राहते, कधी ते उशीखाली किंवा गालाखाली दाबले जाते. मध्यरात्री किंवा पहाटे हात बधिर झाल्यामुळे, जळजळ होऊन किंवा ठणकून जाग येते. हात झटकला किंवा पलंगाखाली लोंबता सोडला की काही मिनिटांत बरे वाटते. हात झटकण्याची ही कृती निदानाच्या दृष्टीने इतकी बोलकी आहे की वैद्यक रुग्णाला तिच्याविषयी मुद्दाम विचारतात.

दिवसा ही लक्षणे मनगट एकाच स्थितीत बराच वेळ राहिल्यास उद्भवतात. दुचाकी चालवताना, वर्तमानपत्र उभे धरून वाचताना, फोन कानाशी धरल्यावर, लोकलमध्ये किंवा बसमध्ये वरची कडी धरून उभे राहिल्यावर बोटांना मुंग्या येतात. वेदना कधीकधी कोपरापर्यंत, क्वचित खांद्यापर्यंतही चढते.

करंगळी मात्र सहसा या त्रासातून मुक्त असते, कारण तिच्या संवेदना वेगळ्या तंत्रिकेमार्फत जातात. तळहाताच्या मध्यभागाची संवेदनाही टिकून राहते, कारण तेथे जाणारी शाखा बोगद्यात शिरण्यापूर्वीच वेगळी होते. ‘सगळा हातच बधिर होतो’ असे सांगणाऱ्या रुग्णाने पुढच्या वेळी प्रत्येक बोट नीट तपासून पाहिले तर निदान पुष्कळ सोपे होते.

पुढील टप्प्यात शर्टाचे बटण लावणे, सुईत दोरा ओवणे, नाणे उचलणे, तांदूळ निवडणे अशी चिमटीची कामे जड जाऊ लागतात. हातातून कप निसटतो. अखेरीस बधिरपणा कायमचा होतो आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट दिसू लागतो. या टप्प्यावर वेदना कमी झाल्यासारखी वाटू शकते; परंतु ते बरे होण्याचे चिन्ह नसून संवेदना नष्ट होत असल्याचे लक्षण असू शकते. बधिर बोटांना तव्याची किंवा गरम भांड्याची आच कळत नाही, त्यामुळे नकळत भाजण्याचा धोकाही असतो.

कारणे व जोखीम

अनेक रुग्णांमध्ये एकच एक कारण सापडत नाही. पुढील परिस्थितीत विकाराची शक्यता वाढते :

• मधुमेह, अवटू ग्रंथीचा स्राव कमी असणे, आमवात आणि लठ्ठपणा.
• गरोदरपण, विशेषतः शेवटचे तीन महिने. शरीरात द्रव साठल्याने दाब वाढतो. प्रसूतीनंतर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बहुतेकींचा त्रास ओसरतो.
• रजोनिवृत्तीच्या आसपासचे वय.
• मनगटाचा जुना अस्थिभंग, मनगटातील गाठ किंवा जन्मतः अरुंद बोगदा. कुटुंबातील इतरांना हा विकार असल्यास शक्यता अधिक असते.
• दीर्घकाळ चालू असलेले डायलिसिस.
• जोर लावून, पुन्हा पुन्हा आणि मनगट वाकवून करावी लागणारी कामे. तसेच कंप पावणारी यंत्रे हाताळणे.

शेवटच्या मुद्द्यात जोर, पुनरावृत्ती आणि कंप हे तीन घटक एकत्र आल्यास धोका सर्वाधिक असतो. केवळ पुनरावृत्ती, तीही हलक्या हाताने केलेली, तितकी घातक ठरत नाही. म्हणूनच संगणकाच्या कळफलकाशी या विकाराचा जो संबंध लोकसमजुतीत जोडला जातो, तो संशोधनात ठामपणे सिद्ध झालेला नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संगणकावर बराच वेळ काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांची पाहणी करण्यात आली होती. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार या कर्मचाऱ्यांत विकाराचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येइतकेच आढळले. याचा अर्थ संगणकावर काम करताना त्रास होत नाही असा नव्हे. आधीच अरुंद झालेल्या बोगद्यात मनगटाची चुकीची ठेवण लक्षणे वाढवू शकते. परंतु सारा दोष कळफलकाला देऊन मधुमेहाची किंवा अवटू ग्रंथीची तपासणी टाळणे योग्य नाही.

निदान

अनुभवी वैद्यकाला रुग्णाच्या वर्णनावरूनच बऱ्याचदा निदान करता येते. फॅलन चाचणीत दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना लावून मनगटे सुमारे एक मिनिट पूर्ण वाकवून धरली जातात. या वेळात ठरावीक बोटांत मुंग्या आल्यास चाचणी सकारात्मक मानतात. टिनेल चाचणीत मनगटाच्या पुढील बाजूस हलके टिचकावतात. या दोन्ही चाचण्या साहाय्यक आहेत. त्या नकारात्मक आल्या म्हणून विकार नाहीच असे ठरत नाही.

तंत्रिकेतून विद्युत संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी तपासणी दाबाचे स्थान आणि तीव्रता दाखवते. शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी ती सामान्यतः केली जाते. सोनोग्राफीत दबलेली तंत्रिका बोगद्याच्या तोंडाशी फुगलेली दिसते. याखेरीज रक्तातील साखर व अवटू ग्रंथीची तपासणी करणे उपयुक्त ठरते.

सारखी लक्षणे असणारे काही विकार वेगळे ओळखावे लागतात. मानेच्या मणक्यात तंत्रिकामूळ दबल्यास मान हलवल्यावर वेदना हातात उतरते. मधुमेहाने किंवा ‘ब १२’ जीवनसत्त्वाच्या अभावाने तंत्रिकांना इजा झाल्यास बधिरपणा बहुधा पायांपासून सुरू होतो. कोपरापाशी तंत्रिका दबल्यास त्रास करंगळीच्या बाजूला होतो. भारतात कुष्ठरोगाचाही विचार करावा लागतो. त्वचेवर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा असल्यास, अथवा कोपरामागील तंत्रिका जाड लागत असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. तेथे कुष्ठरोगाचे औषध विनामूल्य मिळते.

दैनंदिन व्यवस्थापन

रात्रीची पट्टी

सौम्य व मध्यम विकारात सर्वांत साधा आणि प्रथम करावयाचा उपाय म्हणजे झोपताना मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधणे. तिला स्प्लिंट म्हणतात व ती औषधाच्या दुकानात मिळते. पट्टीतील धातूची किंवा प्लास्टिकची कांब मनगटाला सरळ ठेवणारी असावी. बाजारातील अनेक पट्ट्यांची कांब मनगट काहीसे मागे वळवते. अशी धातूची कांब काढून सरळ करून घेता येते. पट्टी सैलसर बांधावी, बोटे मोकळेपणाने मिटता यावीत. ती घट्ट बांधल्यास ज्या दाबापासून सुटका हवी तोच दाब वाढतो.

पट्टीचा गुण एका रात्रीत दिसत नाही. ती निदान सहा आठवडे नियमितपणे वापरून मगच परिणाम ठरवावा. दिवसभर पट्टी बांधून ठेवण्याची सहसा गरज नसते. तसे केल्यास मनगट आखडू शकते. ज्या कामाने हमखास त्रास होतो तेवढ्यापुरती ती दिवसा वापरता येते.

घरकाम

घरकामात मनगटावर पडणारा भार सहसा मोजला जात नाही, कारण तो एका दिवसाचा नसून आयुष्यभराचा असतो. कणीक तिंबताना मनगट मागे मुडपून तळव्याने जोर दिला जातो. परात कमी उंचीवर ठेवून कोपर सरळ ठेवल्यास जोर मनगटाऐवजी खांद्यातून व शरीराच्या वजनातून येतो. कणीक आधी पाण्याने भिजवून थोडा वेळ झाकून ठेवली तर तिंबायला कमी जोर लागतो. भाकरी थापताना हात बदलणे आणि थोड्या थोड्या भाकरींनंतर थांबणे हितकर असते.

ओले जाड कपडे पिळताना घट्ट पकड आणि पीळ या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. चादरी, सतरंज्या व जीन्स पिळण्याऐवजी नळावर किंवा दांडीवर टाकून पाणी निथळू द्यावे. बादलीच्या बारीक तारेच्या कडीवर कापड गुंडाळावे आणि एका भरलेल्या बादलीऐवजी दोन अर्ध्या बादल्या न्याव्यात. झारा, लाटणे, सुरी यांची मूठ फार बारीक असल्यास तिच्यावर कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड केली की बोटांना कमी आवळावे लागते. सुरी आणि विळी धारदार ठेवावी. बोथट पात्याला अधिक जोर लागतो.

सणासुदीच्या दिवसांत एकाच बैठकीत सोऱ्याने चकल्या पाडणे, करंज्या लाटणे, नारळ खवणे अशी कामे तासन्‌तास चालतात. एरवी लक्षणे नसलेल्या व्यक्तीलाही त्या रात्री मुंग्या येऊ शकतात. ही कामे घरातील अनेकांनी वाटून घेणे आणि दोन-तीन दिवसांत विभागणे हा प्रतिबंधाचाच भाग आहे. त्यात पुरुषांचाही वाटा असावा, कारण विकार झाल्यानंतर दिला जाणारा ‘हाताला विश्रांती द्या’ हा सल्ला घरातील कामाची वाटणी बदलल्यावाचून पाळता येत नाही.

जमिनीवरून उठताना तळहात टेकून सारे वजन मुडपलेल्या मनगटावर टाकण्याऐवजी मूठ टेकावी किंवा जवळच्या आधाराला कोपरापासूनचा हात लावून उठावे. तान्ह्या बाळाला पाजताना त्याचे डोके वाकलेल्या मनगटावर न पेलता कोपराच्या खळग्यात घ्यावे आणि हाताखाली उशी ठेवावी.

शेती व कारागिरी

गाई-म्हशींची हाताने धार काढणे, खुरपणी, ऊसतोडणी, कापूस वेचणी, विड्या वळणे, शिवणकाम आणि हातमागावरील विणकाम या व्यवसायांत हाताची एकच हालचाल दिवसभर होत राहते. काम सोडणे हा उपाय बहुतेकांना परवडणारा नसतो. त्यामुळे कामाची पद्धत बदलण्यावर भर द्यावा लागतो.

धार काढताना मनगट शक्य तितके सरळ ठेवावे, हात आळीपाळीने वापरावेत आणि जनावरे अधिक असल्यास हे काम दोघांनी वाटून घ्यावे. खुरपे व कोयता यांना नियमित धार लावावी, त्यांच्या मुठी गुळगुळीत व हातात मावतील इतक्या जाड असाव्यात. कात्री बोथट झाल्यावर शिंप्याच्या अंगठ्यावरील भार वाढतो. एकाच प्रकारचे काम सलग न करता वेचणीनंतर वाहतूक, कापणीनंतर शिलाई असा क्रम लावल्यास कंडरांना विसावा मिळतो. दर अर्ध्या-पाऊण तासाने एक-दोन मिनिटे हात सोडून बोटे उघडणे-मिटणे पुरेसे असते.

ड्रिल, ग्राइंडर, रस्ता फोडण्याचे यंत्र यांच्या कंपाचा तंत्रिकांवर स्वतंत्र दुष्परिणाम होतो. अशा यंत्रांची देखभाल वेळेवर करावी, मूठ आवश्यकतेपेक्षा घट्ट धरू नये आणि कामगारांच्या पाळ्या बदलत ठेवाव्यात. थंडीत हात उबदार ठेवावेत, कारण गारठलेले हात अधिक जोराने पकड घेतात.

लेखन, संगणक व मोबाईल

संगणकावर काम करताना कोपर साधारण काटकोनात, खांदे सैल आणि मनगट हाताच्या रेषेत असावे. कळफलकाचे मागील पाय उभे केल्यास मनगट मागे मुडपते. ते मिटवून ठेवणे चांगले. टाइप करताना मनगट टेबलाच्या टोकदार कडेवर टेकू नये. माउस हाताच्या जवळ ठेवावा.

मोबाईल एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने सतत टाइप करण्याऐवजी दोन्ही हात वापरावेत किंवा फोन टेबलावर ठेवावा. अंथरुणात पडून मनगट वाकवून फोन धरण्याची सवय विशेष त्रासदायक असते, कारण रात्री दाब वाढण्याच्या सुमारासच ती मनगटावर भार टाकते. परीक्षेच्या काळात दीर्घकाळ लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी जाड मुठीचे, सहज उतरणारे पेन वापरावे आणि ते आवळून धरू नये.

दुचाकी

दुचाकी चालवताना पकड, मागे मुडपलेले मनगट आणि कंप हे तिन्ही घटक एकत्र येतात. हँडल शरीराच्या फार जवळ किंवा फार खाली असल्यास मनगटावर वजन येते. बसण्याची स्थिती अशी असावी की मनगट सरळ राहील आणि शरीराचे वजन हातांवर पडणार नाही. लांबच्या प्रवासात मधून मधून थांबावे. वाहन चालवताना बोटे बधिर होत असल्यास ब्रेक व क्लच यांच्यावरील नियंत्रण कमी होते, हे ध्यानात ठेवून गाडी बाजूला घेणे श्रेयस्कर.

व्यायाम व योगासने

बोटे सरळ करणे, आकड्यासारखी वळवणे, मूठ मिटणे आणि पुन्हा सरळ करणे या क्रमाने केलेल्या हलक्या हालचालींमुळे कंडरा बोगद्यात मोकळेपणाने सरकण्यास मदत होते. व्यायामाने मुंग्या वाढत असतील तर तो थांबवावा. जोराने ताण देणे हितावह नाही.

योगासनांसंबंधी एक लहान परंतु बहुचर्चित अभ्यास १९९८ मध्ये अमेरिकेत मेरियन गार्फिंकेल व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीवर आधारलेली, शरीराच्या वरच्या भागासाठीची ११ आसने आठवड्यातून दोनदा, अशी ८ आठवडे करवून घेण्यात आली. ४२ जणांच्या या अभ्यासात आसने करणाऱ्यांच्या पकडीत आणि वेदनेत सुधारणा दिसली. मात्र तंत्रिकेच्या विद्युत तपासणीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. यावरून योगासने पूरक ठरू शकतात, पर्याय नव्हे, असे म्हणता येते. सूर्यनमस्कारात व अधोमुख श्वानासनात वजन मुडपलेल्या मनगटावर येत असल्याने लक्षणे असताना ती मुठीवर किंवा कोपरापासूनचा हात टेकून, जाणकाराच्या मार्गदर्शनाखाली करावीत.

वैद्यकीय उपचार

बोगद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास सूज कमी होऊन काही आठवडे ते काही महिने आराम मिळतो. ब्रिटनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात सहा आठवड्यांनी इंजेक्शनचा गुण रात्रीच्या पट्टीपेक्षा अधिक दिसला. सहा महिन्यांनी मात्र दोन्हींत फरक उरला नाही. मधुमेही रुग्णांत इंजेक्शननंतर काही दिवस रक्तातील साखर वाढू शकते.

साध्या वेदनाशामक गोळ्यांनी तंत्रिकेवरील दाब कमी होत नाही. ‘ब ६’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. परंतु त्यांचा ठोस उपयोग सिद्ध झालेला नाही आणि दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास त्यांनीच तंत्रिकांना इजा होते.

शस्त्रक्रियेत आडवा बंध छेदून बोगद्याचे छत मोकळे केले जाते. ती बहुधा केवळ हात बधिर करून, अर्ध्या तासाच्या आत पूर्ण होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. टाके १० ते १४ दिवसांनी काढतात. रात्रीची वेदना बहुतेकांत लवकर थांबते. पकडीची ताकद परत येण्यास काही महिने लागतात आणि तळव्याच्या मुळाशी काही काळ दुखरेपणा राहू शकतो. नेदरलँड्समध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८ महिन्यांनंतर शस्त्रक्रियेच्या गटातील ९० टक्के, तर पट्टीच्या गटातील ७५ टक्के रुग्ण सुधारलेले आढळले. पट्टीच्या गटातील ४१ टक्के रुग्णांनी तोपर्यंत शस्त्रक्रियाही करून घेतली होती.

वैद्यकाकडे केव्हा जावे

रात्रीच्या मुंग्या काही आठवडे टिकून राहिल्यास किंवा पट्टी सहा आठवडे वापरूनही फरक न पडल्यास वैद्यकाचा सल्ला घ्यावा. बधिरपणा दिवसभर टिकू लागणे, वस्तू हातातून वारंवार निसटणे आणि अंगठ्याचा उंचवटा सपाट होणे या तीन चिन्हांपैकी एकही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नये. मनगटाला मार लागल्यानंतर बोटे झपाट्याने बधिर होऊन तीव्र वेदना होत असल्यास ती तातडीची अवस्था समजावी. हात, चेहरा व बोलणे यांवर एकाएकी परिणाम झाल्यास ते पक्षाघाताचे लक्षण असू शकते. अशा वेळी त्वरित रुग्णालय गाठावे.

प्रतिबंध

हा विकार हमखास टाळण्याचा उपाय ज्ञात नाही, कारण वय, लिंग, आनुवंशिकता आणि मनगटाची घडण बदलता येत नाही. बदलता येण्याजोग्या गोष्टी मात्र पुष्कळ आहेत. मधुमेह व अवटू ग्रंथीचे विकार नियंत्रणात ठेवणे, वजन आटोक्यात राखणे, काम करताना व झोपताना मनगट सरळ ठेवणे, आवश्यक तेवढाच जोर लावणे आणि हाताला मधून मधून विसावा देणे यांमुळे धोका कमी होतो किंवा निदान लक्षणे सौम्य राहतात.

पूर्वानुमान

गरोदरपणासारखे तात्पुरते कारण असल्यास विकार बहुधा आपोआप मागे हटतो. इतरांमध्ये तो कधी वर्षानुवर्षे तसाच राहतो, कधी हळूहळू वाढतो. लक्षणे येऊन-जाऊन असताना तंत्रिकेचे तंतू बहुतांशी शाबूत असतात आणि दाब कमी होताच ती पूर्ववत काम करू लागते. बधिरपणा कायमचा झाल्यानंतर शस्त्रक्रियेने पुढील हानी थांबते. गेलेली संवेदना परत यायला बरेच महिने लागतात आणि झिजलेले स्नायू पूर्णपणे भरून येण्याची शाश्वती राहत नाही. वृद्धांमध्ये व दीर्घकाळच्या मधुमेहींमध्ये ही सुधारणा संथ असली तरी शस्त्रक्रियेचा लाभ त्यांनाही होतो. केवळ वयाच्या कारणास्तव ती नाकारण्याचे कारण नसते.